चंपीचं ताट

नागपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिन्या,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या मांजरीचा, चंपीचा फोटोही पाहिला; भोपळ्यासारखी फुगलीय. पण ‘रोज चिकनवाल्याकडून कच्ची कलेजी आणतो’ हे तू इतक्या कौतुकानं लिहिलंस की माझ्या पोटात गोळा आला. म्हणून दवाखाना बंद करून लगेच लिहायला बसलो.

आमच्या नागपूरच्या गोरेवाड्याचं वाचलं असशील. डिसेंबरात तिथल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. माणसांशी गाठ पडू लागली म्हणून चंद्रपूरकडून आणलेले वाघ. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, जानेवारीत उत्तर आलं: बर्ड फ्लू, एच५एन१. तेव्हापासून येणारा प्रत्येकजण विचारतो, ‘डॉक्टर, कोंबडीचा रोग वाघाला कसा?’

मी त्यांना थायलंडमधलं श्रीराचा सांगतो. २००४ साली तिथल्या व्याघ्र उद्यानात ४४१ वाघ होते. ऑक्टोबरात एकेकाला ताप चढू लागला, धाप लागू लागली, नाकातून रक्ताळलेला स्राव येऊ लागला. खाण्यात कच्ची कोंबडी होती, आणि त्या वर्षी तिकडच्या कोंबड्यांत हीच साथ होती. कच्ची कोंबडी बंद केली. तरी नवे वाघ पडतच राहिले, म्हणजे रोग आता वाघाकडून वाघाला जात होता. मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७. त्यातलं ‘मारावे लागलेले’ मला अजून नीट उच्चारता येत नाही.

जंगलात वाघ एकटा राहतो, शिकार स्वतः निवडतो. इथं पिंजऱ्यात शेजाऱ्याचा श्वास अंगावर, आणि ताट दुसऱ्यानं वाढलेलं. चंपीचंही तसंच रे. छिंदवाड्याला घरच्या मांजरांतही हाच विषाणू सापडलाय, आमच्यापासून अडीच-तीन तासांवर.

लसीचं विचारलंस. चुकवू नकोस. २०२३ मध्ये बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला बिबट्याची सात पिल्लं पॅनल्युकोपेनियानं, म्हणजे मांजरांच्या कुळातल्या एका जीवघेण्या विषाणूच्या आजारानं, गेली. चंपीची लस त्याच आजारावरची. ती पिल्लंही टोचलेली होती, हे मात्र तुला सांगितलंच पाहिजे.

तेव्हा मांस शिजवून दे. मीठ-कांदा नको, हाडं काढ, आणि कलेजी रोज तर मुळीच नको. वहिनींना सांग, वेगळा कुकर लागत नाही; वरणाच्या आधी चंपीचं लावून घ्यायचं. रागावल्या तर माझं नाव सांग.

तुझाच,
विन्या