आधी कागद, मग देव: भुसावळच्या अण्णांना उघडं आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

भुसावळच्या आरएमएसमध्ये (रेल्वे टपाल सेवेत) तुमची सगळी नोकरी सॉर्टिंगमध्ये गेली. निवृत्तीनंतर जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आम्हा तिकीट जमवणाऱ्यांना तुम्ही हाताशी धरून शिकवलंत, त्याबद्दल हे आभारपत्र. घरी येऊन बोलता आलं असतं, पण जगभरची धार्मिक विषयांची तिकिटं जमवायला आज कुणी नव्याने बसला, तर तुमचं सांगणं त्याच्याही कामी यावं, म्हणून उघड लिहितो आहोत.

तुमचं पहिलं सांगणं होतं, ‘आधी कागद बघा, मग देव बघा.’ देवाचं, संताचं, मशिदीचं किंवा मेरीमातेचं चित्र दिसलं की संग्राहक भाविक होतो आणि भिंगाला हात घालत नाही. तुम्ही आम्हाला आधी कडेचे दाते, मागचा गम, वॉटरमार्क (कागदातलाच पुसट छाप) आणि शिक्का बघायला लावलंत. दोन सेंटिमीटरमध्ये भोकं किती, त्यावर परफोरेशनचा, म्हणजे दात्यांचा, आकडा ठरतो. तो मोजायचं गेज नसलं तर साधी पट्टी आणि दहापट भिंग घेऊन मोजता येतं, पण तिकीट अंगठ्याने दाबायचं नाही, चिमट्यानेच धरायचं. बोटांचा घाम आज दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी पिवळा डाग होऊन वर येतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुम्ही बोधिसत्त्वाच्या तिकिटावर दाखवलंत. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताची पुरातत्त्व मालिका निघाली. अजिंठ्याचं चित्र ३ पैचं (आपल्या जळगावहून जेमतेम दीड तासावरचं अजिंठा, तरी आपल्याकडच्या किती संग्रहांत हे तिकीट नसतं), सुवर्णमंदिर १२ आण्यांचं, पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर थेट १५ रुपयांचं. याच मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व आहे. पहिल्या छपाईत ते चित्र उलटं, आरशात दिसावं तसं गेलं आणि मूर्तीचा डावा हात पुढे आलेला दिसला. १९५० मध्ये ते दुरुस्त झालं आणि उजवा हात पुढे आला. किंमत तीच, मूर्ती तीच, म्हणून अल्बममध्ये दोन्ही ‘एकच’ समजून एक काढून टाकणारे पुष्कळ. तुम्ही दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवून फक्त हाताकडे बघायला सांगितलंत. मालिकेचा कागद ताऱ्यांच्या वॉटरमार्कचा आहे. तिकीट आधी उजेडासमोर धरून बघायचं, वॉटरमार्क नाहीच दिसला तर ते काळ्या ताटलीत उलटं ठेवून वॉटरमार्क फ्लुइडचा थेंब टाकायचा. फ्लुइड पेट घेतं, म्हणून देवघरातल्या समईजवळ हे काम करायचं नाही, हेही तुम्हीच बजावलंत.

खोट्या आणि फुगवलेल्या तिकिटांबद्दल तुम्ही सांगितलंत त्याने अनेकांचे पैसे वाचले. १९६०च्या दशकात आणि १९७०च्या सुरुवातीला अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा छोट्या अमिरातींच्या नावाने ख्रिस्तजन्माची, प्रसिद्ध धार्मिक चित्रांची भरमसाट तिकिटं छापली गेली. तिथल्या टपालात त्यांचा वापर फारसा झालाच नाही. अशा तिकिटांवर कोपऱ्यात अगदी नीटस, छापील वाटावा असा शिक्का असतो आणि मागे गम जसाच्या तसा असतो. टपालातून खरंच गेलेल्या तिकिटाला गम राहत नाही, तेव्हा गम आणि शिक्का एकत्र दिसले की थांबायचं. संग्रहात ती ठेवायला हरकत नाही, पण ‘वापरलेलं’ म्हणून नाही आणि त्या भावाने तर नाहीच.

नव्या तिकिटांसाठी तुम्ही डब्ल्यूएनएस क्रमांक बघायला शिकवलंत. १ जानेवारी २००२ पासून जागतिक टपाल संघाच्या पुढाकाराने सहभागी देशांच्या अधिकृत तिकिटांना देशाचा संकेत, अनुक्रम आणि वर्ष असा क्रमांक मिळतो. मात्र सगळे देश त्यात नाहीत, तेव्हा क्रमांक नाही म्हणजे तिकीट खोटंच, असंही धरायचं नाही. अशा वेळी त्या देशाच्या टपाल खात्याची यादी आणि कॅटलॉग, दोन्ही ताडून बघायचे. जत्रेत किंवा ऑनलाइन ‘दुर्मिळ गणपती तिकीट’ म्हणून येणाऱ्या दतिया संस्थानाच्या तुकड्यांबाबत तुमचा नियम एकच: तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घ्यायचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेल्या गणपतीच्या त्या साध्या छापाच्या तिकिटांची नक्कल करणं फार सोपं आहे.

विषय आखण्याची तुमची पद्धत तर आम्ही जशीच्या तशी उचलली. ‘सगळे धर्म, सगळे देश’ असा संग्रह कधीच पूर्ण होत नाही, म्हणून धागा बारीक घ्यायला लावलात. एक धागा सणांचा. अमेरिकेचं ईदचं तिकीट १ सप्टेंबर २००१ चं, निळ्यावर सोनेरी अरबी सुलेखन. त्यांचंच दिवाळीचं तिकीट ५ ऑक्टोबर २०१६ चं. भारत आणि इस्रायलने २०१२ मध्ये मिळून दिवाळी आणि हनुक्काची तिकिटं काढली. दुसरा धागा रामायणाचा: इंडोनेशियाची १९६२ ची रामायण नृत्याची तिकिटं, भारताचा २०१७ चा ११ तिकिटांचा संच, अयोध्येतल्या मंदिराची १८ जानेवारी २०२४ ची ६ तिकिटं. तिसरा धागा १९५६ या एका वर्षाचा. त्या वर्षीच्या बुद्धजयंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षं झाली म्हणून भारतात तिकिटं निघाली, तशी श्रीलंकेतही. एकच प्रसंग, देश वेगळे, कागद वेगळा. असा धागा कमी पैशांतही शेवटाला नेता येतो.

व्हॅटिकनच्या ‘सेदे वाकान्ते’ तिकिटांबद्दल तुम्ही सांगेपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांना ती नुसती किल्ल्या आणि छत्रीची वाटत होती. पोपचं पद रिकामं असतं तेवढ्याच दिवसांसाठी ही तिकिटं काढतात आणि टपालाला ती चालतातही तेव्हाच. १९७८ मध्ये पद दोनदा रिकामं झालं, ६ ते २६ ऑगस्ट आणि २८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर. म्हणून त्या वर्षीचं पाकीट हाती आलं की तारखेचा शिक्का वाचल्याशिवाय ते कुठल्या वेळचं ते लिहायचं नाही. सॉर्टिंगवाल्याची नजर अशी शिक्क्यावर जाते, ती आम्हाला तुमच्यामुळे मिळाली.

आता खान्देशातल्या हवेचं. पुस्तकांतले सल्ले थंड देशांचे असतात, आपल्याकडचं तुम्ही वेगळं सांगितलंत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की मिंट, म्हणजे न वापरलेलं, तिकीट सुरळीसारखं वळतं. ते बोटाने सरळ करायला गेलं की गमला तडे जातात आणि कधी कागदही चिरतो. ते तसंच पाकिटात ठेवून पावसाळ्याची वाट बघायची. फारच घाई असेल तर झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून, तिकीट स्पंजला लागणार नाही असं जाळीवर ठेवायचं आणि दर काही मिनिटांनी बघायचं. पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेली मिंट तिकिटंही याच डब्यात सुटतात. ती पाण्यात टाकली की गम गेला.

जुलै ते सप्टेंबर उलटी अडचण. दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके येतात. ती बुरशी असते आणि एका तिकिटावरून शेजारच्या तिकिटावर जाते. म्हणून ठिपकेवालं तिकीट त्याच दिवशी वेगळं करायचं. स्टॉकबुक (तिकिटं ठेवायच्या वह्या) आडवी रचायची नाहीत, उभी ठेवायची. मधे बटर पेपरचं पान, कपाटात सिलिका जेल, आणि तेही रंग बदलला की तापवून कोरडं करायचं. गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट नको, घराच्या मधल्या खोलीतला खालचा कप्पा बरा. डांबराच्या गोळ्या नकोत. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांतून उन्हाळ्यात तेलकट थर सुटतो आणि शाई त्याला चिकटते, म्हणून पॉलिस्टरचीच पाकिटं. २००६ च्या चंदनाच्या सुगंधी तिकिटासारखी तिकिटं वेगळ्या पाकिटात. आणि आपल्या घरांत हमखास होणारी गोष्ट: देवाचं तिकीट म्हणून ते देवघरात ठेवणं, त्याला हळदकुंकू लावणं किंवा लॅमिनेशन करून आणणं. हळदीचा डाग निघत नाही, उदबत्तीचा धूर कागदात बसतो, लॅमिनेशन तर पुन्हा सोडवताच येत नाही. पूजेला वेगळं चित्र घ्या आणि तिकीट संग्रहात राहू द्या, हे तुम्ही भाविक आजी-आजोबांना न दुखवता पटवून दिलंत. ते आम्हाला कधीच जमलं नव्हतं.

पाकिटावरचं तिकीट सोडवायची तुमची रीत आम्ही शाळांतल्या मुलांना शिकवतो. भोवती एक सेंटिमीटर कागद ठेवून कापायचं. लाल-केशरी लग्नपत्रिकेच्या पाकिटांवरची तिकिटं वेगळ्या भांड्यात, कारण त्यांचा रंग उतरतो आणि सगळ्यांना लागतो. साधं पाणी, १५ ते २० मिनिटं. तिकीट आपोआप सरकलं पाहिजे, ओढायचं नाही. मग दुसऱ्या स्वच्छ पाण्यात हलकेच फिरवायचं, तिथे बोअरचं क्षाराचं पाणी नको, पिण्याचं घ्यायचं. गमची बाजू वर ठेवून टिपकागदावर सुकवायचं, वर्तमानपत्रावर नाही, नाहीतर त्याची शाई उमटते. पंख्याखाली ठेवलं तर वळतं, म्हणून अर्धवट ओलं असतानाच टिपकागदाच्या घडीत घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली. अमेरिकेची हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं बहुधा पाण्याने सुटतच नाहीत. ती कागदासकट कापून ठेवायची.

तालुक्याच्या गावात बसून नवी तिकिटं कशी मिळवायची, हे आमच्यातल्या कित्येकांना ठाऊक नव्हतं. टपाल खात्यात फिलाटेलिक डिपॉझिट खातं २०० रुपयांत उघडतं आणि नवी तिकिटं घरपोच येतात, हे तुमच्यामुळे कळलं. सोबतचं माहितीपत्रकही मागून घ्या, हे तुमचं सांगणं फार उपयोगी पडलं, कारण चित्रातली मूर्ती कुठली, ते त्यातच असतं. तीर्थक्षेत्रांच्या चित्रमय शिक्क्यांसाठी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेसं तिकीट लावलेलं पाकीट तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे विनंतीपत्रासह पाठवायचं, आत जाड पुठ्ठा घालून. शिक्का तिकिटावर अर्धा आणि पाकिटावर अर्धा हवा, हे पत्रात स्पष्ट लिहायचं, नाहीतर चित्र तिकिटाच्या गर्दीत हरवतं. सहावी ते नववीच्या मुलांसाठी दीनदयाल स्पर्श योजनेची वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, हे तुम्ही शाळेशाळेत जाऊन सांगितलंत. त्यासाठी फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा स्वतःचं डिपॉझिट खातं लागतं, म्हणून मुलांची खाती उघडून दिलीत. तुमच्या डुप्लिकेटच्या पाकिटांमधून अनेकांचा पहिला अल्बम भरला. त्याबद्दल त्या मुलांच्या आईवडिलांनीही आभार कळवले आहेत.

अण्णा, तुमच्या सांगण्याप्रमाणे प्रदर्शनाच्या एका फ्रेमची १६ पानं लावायला घेतली आहेत. पहिल्या पानावर आराखडा, पुढे बुद्धजयंतीचा धागा, पानावर लिखाण कमी, आणि नुसती मिंट तिकिटं न लावता टपालातून गेलेली पाकिटं आणि शिक्केही. सहाव्या पानावर श्रीलंकेचं एक पाकीट आहे. त्याचा शिक्का पुसट असल्याने वर्ष वाचता येत नाही. पाकीट पॉलिस्टरमध्ये घालून तुमच्याकडे पाठवतो आहोत. तुम्ही भिंगाखाली बघून सांगितल्याशिवाय ते पानावर चढवणार नाही.

आपले ऋणी,
खान्देशातले तिकीट संग्राहक