स्वतःची खुर्ची देणाऱ्या बाईंना

निळ्या स्वेटरच्या बाई, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण आई म्हणाली, "मराठीतच लिही. इंग्रजीत थँक यू म्हटलं की पाव घेऊन दुकानातून निघाल्यासारखं वाटतं."

तुम्ही भेटलात त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही इंग्लंडमधलाच दुसरा एक जुना वाडा बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. दुसऱ्याच दालनात आईचे गुडघे बोलायला लागले. जरा टेकायला मिळेल का विचारलं, तर तिथल्या गृहस्थांनी पार्किंगजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. तेही मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. आईने कराडला ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय. बाकावर बसल्यावर म्हणाली, "आवाज चांगला आहे हो त्यांचा. शाळेत प्रार्थनेला उपयोगी पडला असता."

रविवारी तुमच्या स्टोअरहेडच्या वाड्याला मात्र ती गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. कशीबशी लायब्ररीपर्यंत आणली. तिथे धाकट्या चिपेंडेलने, म्हणजे त्या काळच्या नामांकित फर्निचर कारागिराने, घडवलेल्या खुर्च्या, आणि बसायच्या जागेवर पाइनचं एकेक वाळलेलं फळ. आईने तुम्हाला विचारलं, हा काही नवस आहे का? तुम्ही खळखळून हसलात. म्हणालात, 'बसू नका' अशी पाटी लावली की खोली दवाखान्यासारखी दिसते, त्यापेक्षा हे बरं. मग कोपऱ्यातल्या तुमच्या साध्या घडीच्या खुर्चीवरून उठलात, तिच्यावर हात फिरवलात आणि म्हणालात, "हिच्यावर काही ठेवलेलं नाही."

नियम दोन्हीकडे सारखाच होता. जुन्या खुर्चीवर तुम्हीही बसू दिलं नाहीत, आणि बरोबरच आहे ते. पण तुम्ही अर्धा तास उभ्या राहिलात. मध्येच एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होतात, ते मी पाहिलं. वयाने तुम्ही आईच्याच बरोबरीच्या असाल, आणि या कामाचा तुम्हाला पैसाही मिळत नाही.

वाड्याचे मालक होअर, घराणं बँकवाल्यांचं. "म्हणजे सावकारच की," आई म्हणाली. १९०२ च्या आगीत वाड्याचा मधला भाग जळाला, लोकांनी चित्रं आणि सामान बाहेर काढलं, लायब्ररीची बाजू वाचली, हे सगळं तिने बसून, निवांत ऐकलं. तेव्हाच्या मालकांचा एकुलता एक मुलगा हॅरी पॅलेस्टाइनच्या लढाईत जखमी होऊन १९१७ मध्ये अलेक्झांड्रियाला वारला. आईबापांनी १९४६ मध्ये घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिलं, आणि पुढच्या वर्षी दोघं एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने गेले. आई बराच वेळ गप्प होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत. मग हळूच म्हणाली, "भाग्याची बाई." मराठीत. तुम्ही अर्थ विचारला नाहीत, नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवलात.

बागेतल्या तळ्याला पूर्ण फेरी काही झाली नाही. पण पुलापर्यंत ती चालली, आणि पाण्यापलीकडचं ते पँथिऑन, रोमन देवळासारखं घुमटाचं, डोळे भरून पाहिलं. वाटेत झाडाखाली पडलेलं एक फळ तिने पर्समध्ये टाकलं, हे आता कबूल करते.

ते सध्या कराडला बाबांच्या आरामखुर्चीवर असतं. पाहुणे आपोआप दुसरीकडे बसतात. भाचा मात्र ते उचलून बाजूला ठेवतो आणि बसतो.