टाच मोकळी असते हो! (रविवारच्या पुरवणीतल्या स्कीइंगच्या लेखाबद्दल)

संपादक महोदय,

मागच्या रविवारी तुम्ही क्रॉस-कंट्री स्कीइंगला चक्क अर्धं पान दिलंत, बरं वाटलं, नाहीतर आपल्याकडे बर्फ म्हटलं की मनाली आणि हनिमून याच्यापुढे गाडी जात नाही. माझ्या आईने साताऱ्याहून त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली लिहिलेलं, "तुझं ते काठ्यांचं आलंय बघ पेपरात." ट्रॉनहाइमला २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये नॉर्वेच्या क्लेबोने सहाच्या सहा गोल्ड मारली हे बरोबर छापलंय. पण फोटो चुकलाय, त्यावर शेवटी येते. आणि त्याहून जास्त खटकलं ते एक वाक्य, की या खेळात तंत्र फारसं नाही, सपाटीवर घसरत राहायचं, दम पाहिजे फक्त.

दम माझ्याकडे होता ना! सातारा हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट पळत चढलेली बाई मी, आठ वर्षांपूर्वी ओस्लोला आले तेव्हा म्हटलं हे काय, दोन पट्ट्या पायाला बांधायच्या आणि चालायचं. इथे लोक स्की खांद्यावर टाकून सरळ मेट्रोत चढतात, पाच नंबरच्या लाइनचं शेवटचं स्टेशन सोन्सवान, उतरलं की तळं आणि जंगल, मशीनने पाडलेले ट्रॅक, म्हणजे बर्फात दोन समांतर चर, तिकीट नाही काही नाही. तिथे पहिल्या दिवशी मी शंभर मीटरमध्ये चार वेळा पडले आणि बालवाडीतली पोरं माझ्या बाजूने सूं करून गेली. नॉर्वेत म्हणतात की इथली माणसं पायात स्की घालूनच जन्माला येतात, त्या दिवशी पटलं.

मला कळायला दोन हिवाळे गेले ती गोष्ट अशी, की क्लासिकमध्ये, म्हणजे त्या दोन चरांतून स्की समांतर ठेवून जायच्या पद्धतीत, घसरणं सोपंय, अवघड आहे ते थांबणं. ब्रेक मारणं नाही म्हणत मी. क्लासिकची स्की सपाट नसते, धनुष्यासारखा बाक असतो तिला, दोन्ही पायांवर उभं राहिलात तर पावलाखालचा मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो. दुकानात आधी हेच बघतात, तुम्हाला दोन्ही स्कीवर उभं करून खालून कागद सरकवतात, तो आरामात फिरला पाहिजे, मग म्हणतात सगळं वजन एका पायावर टाका, आता कागद अडकला पाहिजे. त्या मधल्या पट्ट्यातच ग्रिपचं वॅक्स लावलेलं असतं. म्हणजे तुम्ही पूर्ण वजन एका पायावर टाकून खाली दाबलंत तरच बाक सपाट होतो, वॅक्स बर्फाला धरतं, स्की पापणी लवेपर्यंत जागच्या जागी थांबते, आणि त्या थांबलेल्या स्कीवरून स्वतःला पुढे फेकायचं. निम्मं वजन टाकलंत तर पाय मागे सटकतो, आणि आपण तर निम्मंच टाकतो हो, कारण घसरत्या पट्टीवर एका पायावर उभं राहायची भीती वाटते!

वॅक्सचा तर वेगळाच संसार आहे. उणे एक ते उणे सात तापमानाला निळं, त्याहून थंडीला वेगळं, जुना वितळून परत गोठलेला बर्फ असेल तर क्लिस्टर नावाचा प्रकार ट्यूबमधून काढून लावायचा, तो म्हणजे निव्वळ फणसाचा चीक, हाताला केसांना जॅकेटला सगळीकडे, आणि इथे खोबरेल तेलाची बाटली पटकन हाताशी नसते. हल्ली तळाला मोहेरची, म्हणजे बकरीच्या केसांची पट्टी चिकटवलेल्या स्की मिळतात, वॅक्सची कटकट नाही, मीही त्याच घेतल्यात. पण बाक दाबायचा तो दाबायचाच.

आता मूळ मुद्दा, तुमच्या लेखकाने जिथे तंत्र नाही म्हटलंय तो सपाट रस्ता. पळताना विरुद्ध हातपाय चालतात तसं चढावर चालायचं तो डायगोनाल. जोरात जाणाऱ्या ट्रॅकवर पाय तसेच ठेवून दोन्ही काठ्या एकदम मारायच्या त्याला इथे स्टाकिंग म्हणतात. आणि या दोघांच्या मधला वेग असेल, म्हणजे हलका चढ, डायगोनालला जास्त आणि नुसत्या काठ्यांना कमी, तिथे दोन्ही काठ्या आणि मध्ये एक लाथ, असं मिक्स. ऐकायला सोपं. मला पूर्ण एक हिवाळा लागला.

कारण डोकं सांगतं की जोर लावायचाय तर सगळा एकदम लावा, काठ्या मारताना लाथही मारा. मी तेच करत होते, एक दणका, मग नुसतं थांबणं, मग परत एक दणका, एसटी पहिल्या गिअरमध्ये गचके खाते तसं. खरं उलटं आहे. काठ्या मारून हात मागे गेले, मग हात पुढे आणायचे आणि ते येता येता, मांडीपाशी असतानाच, एका पायाने खाली दाबून लाथ मारायची. हात पुढे जातात तेव्हा तो पाय मागे उडतो, क्षणभर तुम्ही लांबच्या लांब ताणलेले, एका स्कीवर तरंगताय, मग काठ्या रोवून पोटातून वाकायचं आणि मागचा पाय आपोआप पुढे येऊन दुसऱ्याला भेटतो. हात पुढे पोचल्यावर लाथ मारलीत तर उशीर झाला, पाय सटकणारच.

हे मला शिकवलं शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी. (त्यांना अहोजाहो करावंसं वाटतं पण नॉर्वेजियनमध्ये सगळ्यांना एकेरीच, अजून जिभेला जड जातं.) त्यांनी पहिल्यांदा काठ्याच काढून घेतल्या माझ्या. तीन रविवार नुसते हात हलवत लाथ मारायची, लोक बघतायत तर बघू देत. चौथ्या रविवारी काठ्या परत मिळाल्या आणि पहिले पाढे पंचावन्न. मग मला शाळेतली लेझीम आठवली, तिथेही हात एकीकडे पाय दुसरीकडे आणि कमरेत वाकून पुन्हा उठायचं, बाई शिट्टीवर मोजून घ्यायच्या. मी मनात म्हणायला लागले, "एक" ला ताण, "दोन" ला वाक. जंगलात दिव्यांच्या ट्रॅकवर संध्याकाळी पाच वाजता, अंधार पडलेला, उणे सहा, आणि मी मोठ्याने एकऽ दोनऽ करतेय. अकरा वेळा सलग जमलं. मोजलेत मी. बाराव्याला पडले. आणि हे फक्त उजव्या पायाने हां, डावा अजून सरकारी ऑफिससारखा वागतो.

गंमत म्हणजे मोठ्या रेसमध्ये ही लाथच आता कमी दिसते. स्वीडनची वासालोपेट ९० किलोमीटरची, तिथे पुढचे लोक ग्रिपचं वॅक्स न लावता सगळं अंतर नुसत्या काठ्यांवर काढतात, खांदे बघा त्यांचे. क्लासिक जगावं म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ च्या सुमाराला नियम आणले, काठी उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब नको आणि काही चढांवर दोन्ही काठ्या एकदम मारायला बंदी. तंत्र नसलेल्या खेळात तंत्र वाचवायला एवढी उठाठेव कोण करेल सांगा? शेजारच्या बाई म्हणतात आजकालच्या पोरांनी पाय नुसते लोंबकळत ठेवलेत. आणि क्लेबो उभ्या चढावर काय करतो ते एकदा यूट्यूबवर बघाच, स्की घालून अक्षरशः पळतो माणूस.

गुलमर्गला खेलो इंडियाच्या विंटर गेम्समध्येही हा प्रकार असतो, आर्मीची पोरं उतरतात. आर्मीतलाच जगदीश सिंग २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकला १५ किलोमीटरच्या स्की रेसमध्ये उतरला होता. पुढच्या वेळी त्या पोरांशी बोलून लिहा की.

आणि तो फोटो बदला, तो अल्पाइनचा आहे, म्हणजे डोंगरउतारावरून खाली यायच्या स्कीइंगचा. ओळखायची खूण सांगते, अल्पाइनवाल्याचा अख्खा बूट स्कीला जखडलेला असतो, आमचा फक्त चवड्यापाशी अडकवलेला. फोटोत टाच वर उचललेली दिसली तर समजा तो आमचा.

आपली वाचक,
मूळची सातारकर, मुक्काम ओस्लो