सुराचे अंग नाही म्हणण्याआधी घोडी तपासा

संपादक महाशय,

नवशिक्यासाठी म्हणून घेतलेले स्वस्त मेंडोलिन पुष्कळदा महिना-दोन महिन्यांत कपाटावर जाते. बोटे दुखतात, स्वर जुळत नाहीत आणि शिकणाऱ्याला सुराचे अंगच नाही असा निकाल घरात लागतो. तो देण्याआधी कृपया वाद्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी, तपासावी.

मेंडोलिनची घोडी तबलीला (वाद्याच्या दर्शनी फळीला) चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने ती उभी राहते. पेटीत ठेवताना तारा ढिल्या झाल्या किंवा धक्का लागला की ती सहज सरकते. मग सुट्या तारा कितीही नेमक्या लावा, पडद्यावर (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीवर) बोट ठेवले की स्वर चढतो किंवा उतरतो, आणि वरच्या पडद्यांकडे जाल तसतसा फरक वाढतो. शिकणारा बिचारा खुंट्या पिळत बसतो.

जागा शोधणे अवघड नाही. बहुतेक मेंडोलिनांत नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीपासून) घोडीपर्यंत तारेची लांबी सुमारे ३५ सेंमी असते आणि बारावा पडदा तिच्या मधोमध येतो. नट ते बारावा पडदा हे अंतर मोजा, तेवढेच पुढे मोजून घोडी ठेवा, मग कानाने पक्के करा. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून छेडा व लगेच उचला. घंटेसारखा बारीक स्वर येईल. आता तोच पडदा दाबून छेडा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारा जिथे अडकवतात त्या खालच्या टोकाकडे) सरकवा, उतरलेला असेल तर मानेकडे. एका वेळी अर्धा-एक मिलिमीटर पुरे, आणि सरकवण्याआधी तारा थोड्या ढिल्या करायच्या. जाड तारांची बाजू किंचित मागे राहते, ते बरोबरच आहे. मात्र तारा चढवताना घोडीचा माथा मानेकडे ओढला जातो. तिची मागची बाजू तबलीशी काटकोनात उभी आहे ना, हे दर वेळी पाहावे. झुकलेली घोडी पुढे वाकते किंवा एके दिवशी आडवी होते.

बोटे दुखण्याचे कारण तारांची उंची. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांत दीड ते दोन मिलिमीटर अंतर हवे. स्वस्त वाद्यात ते तीनच्या वर असणे नवल नाही. घोडीतल्या दोन चकत्या फिरवून उंची कमी होते, पण तारा ताणलेल्या असताना चकत्या फिरवू नयेत, आटे झिजतात. त्यानंतरही पहिले एक-दोन पडदेच जड लागत असतील, तर नटच्या खाचा उथळ आहेत. तार दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यांच्या मधे दाबून पहिल्या पडद्यावर पाहा: कागद जेमतेम सरकेल एवढीच फट असावी. ती जास्त असेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडूनच खाच घासून घ्यावी. जास्त घासली गेली की सुटी तार पडद्यावर खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो. खुंटी पिळताना 'टिण' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. तिथे पेन्सिलचे शिसे घासले की काम होते.

तारा आठ, पण जोड चार: जाडीकडून जी, डी, ए, ई. शेजारच्या जोडांत सा-प हे अंतर असते, म्हणून कोणत्याही जोडाचा सातवा पडदा पुढच्या सुट्या जोडाशी जुळला पाहिजे. जोडातली एक तार आधी लावावी, दुसरी तिच्या खालून वर आणत मिळवावी. दोघींत जराही फरक राहिला की लाटांसारखा थरार ऐकू येतो. 'वाद्य पत्र्यासारखे वाजते' ही तक्रार बहुधा इथलीच. गिटारच्या तारा मात्र कधीही लावू नयेत. मेंडोलिनच्या हलक्या संचात पातळ तार इंचाच्या १० सहस्रांश आणि जाड ३४ च्या आसपास असते. तेवढ्यानेही मानेवर सुमारे ७० किलोंचा ताण पडतो. तारा बदलताना एकेक काढावी आणि लावावी, सगळ्या एकदम काढल्या की घोडी सुटते. तारा छेडायची नखी एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्यावी, मऊ नखीने जोडाच्या दोन्ही तारा एकसारख्या वाजत नाहीत.

नवे घेताना त्याच किमतीत साधे थेंबाच्या आकाराचे आणि वेलबुट्टीदार वळणाचे असे दोन्ही मिळत असतील, तर साधे घ्यावे. वळणाने आवाज सुधारत नाही, कारागिरीचा पैसा मात्र तिथे जातो.

विक्रेत्यांना एक विनंती आहे. मेंडोलिन देण्याआधी घोडी जुळवून तिच्या दोन्ही पायांच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण करून द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. त्या खुणेवरून घोडी पुन्हा जागेवर आणणे घरच्या कोणालाही जमेल.

– एक मेंडोलिनप्रेमी वाचक