यादीतला एकच फंड पुरे

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझ्या कंपनीच्या 401-केच्या, म्हणजे अमेरिकेत पगारातून कापून निवृत्तीसाठी पैसे साठवायच्या योजनेच्या, फंडांची यादी मी आणि बाबांनी नीट वाचली. छोट्या कंपनीची यादी अशीच असते. 17 फंड, त्यातले बहुतेक महाग आणि इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा फंड, जेमतेम एक. "इतकी वाईट यादी असेल तर पैसे घालूच नयेत का?" असं तू विचारलंस. घालायचे, बाळा. फक्त कुठे घालायचे ते बघून.

पहिलं म्हणजे मॅच, म्हणजे कंपनी स्वतःची भर घालते ती, सोडू नकोस. तुझ्या 72,000 डॉलर पगाराचे 6 टक्के, म्हणजे वर्षाला 4,320 डॉलर तू टाकलेस की कंपनी त्यावर निम्मे, 2,160 डॉलर टाकते. फंड कितीही महाग असला तरी हे पैसे नाकारण्याइतका महाग नाही. तेव्हा 6 टक्के कापून घ्यायचा फॉर्म याच आठवड्यात भरून टाक.

आता फंड. तुझ्या यादीचं पान पाच वर्षांच्या परताव्यानुसार लावलेलं आहे, त्यामुळे डोळा आधी वरच्या ग्रोथ फंडावर जातो. तुझा सहकारीही तोच घे म्हणतोय. पण मागच्या पाच वर्षांचा परतावा पुढे टिकेलच असं कोणी सांगू शकत नाही. खर्च मात्र दरवर्षी कापला जातो, बाजार वर असो की खाली. म्हणून एक्स्पेन्स रेशोचा, म्हणजे फंडाच्या वार्षिक खर्चाच्या टक्क्यांचा, रकाना आधी बघ. 2012 पासून कंपनीला दरवर्षी फीचा तक्ता द्यावाच लागतो आणि त्यात प्रत्येक फंडाचा खर्च टक्क्यांत, तसाच 1,000 डॉलरमागे किती डॉलर, असाही लिहावा लागतो. तुझ्या ग्रोथ फंडाचा खर्च 1.05 टक्के, म्हणजे हजारामागे साडेदहा डॉलर. अमेरिकेतल्या सुमारे 500 मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी 500 इंडेक्स फंडाचा 0.05 टक्के, म्हणजे हजारामागे पन्नास सेंट.

एक टक्का म्हणजे काय ते मी मांडून पाहिलं. तुझे आणि कंपनीचे मिळून वर्षाला 6,480 डॉलर, पगारवाढ अजिबात धरली नाही, 30 वर्षं. 7 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 6 लाख 12 हजार डॉलर होतात, 6 टक्क्यांनी 5 लाख 12 हजार. खर्चापायी एक लाख डॉलर! एवढ्यासाठी तरी तो तक्ता वाचायलाच हवा.

टार्गेट-डेट फंड, म्हणजे निवृत्तीचं वर्ष जवळ येईल तसे शेअर आपोआप कमी करणारा फंड, हा तुझ्या योजनेत आपोआप निवडला जाणारा पर्याय आहे. तू काही कळवलं नाहीस तर पैसे तिथेच जातील. हा प्रकार मुळात वाईट नाही. आतले फंड इंडेक्सचे असले तर तो स्वस्तही मिळतो आणि तेवढा एकच घेऊन माणूस निवांत राहू शकतो. तुझ्याकडचा मात्र 0.78 टक्क्यांचा आहे. परदेशी शेअरांचा फंड 0.94 आणि बाँड फंड 0.62.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. 401-केमध्येच सगळं थोडं थोडं असायला हवं असं त्यांना वाटतं, म्हणून ते महागडे फंडही घेतात. पण तुझी सगळी खाती मिळून गुंतवणूक एकच आहे. 401-केमधले सगळे पैसे एस अँड पी 500 फंडात टाक आणि बाहेर स्वतःचं रॉथ आयआरए, म्हणजे कर भरलेले पैसे टाकायचं निवृत्तीचं वैयक्तिक खातं, उघड. तिथे यादीचं बंधन नाही, 0.1 टक्क्याच्या आसपास खर्चाचा परदेशी शेअरांचा इंडेक्स फंड सहज मिळतो. 2025 साठी तिथली मर्यादा 7,000 डॉलर होती आणि तुझा पगार उत्पन्नाच्या अटीत आरामात बसतो. बाँड हवेतच असं तुझ्या वयाला मला वाटत नाही, पण बाजार पडल्यावर झोप उडणार असेल तर थोडे ठेव, तेही आयआरएमध्येच. रॉथ भरून पैसे उरले तर पुन्हा 401-केकडे वळ.

छोट्या कंपन्यांच्या योजना महाग का, हेही समजून घे. खाती सांभाळण्याचा खर्च बऱ्याचदा फंडाच्या खर्चातच मिसळलेला असतो, आणि योजनेत एकूण पैसा कमी असला की प्रत्येकाच्या वाट्याला तो जास्त येतो. म्हणून तक्त्यात प्रशासकीय फी वेगळी लागते का, ते पाहा. मालक कंजूष आहेत म्हणून यादी अशी आहे, असं लगेच समजू नकोस. पुष्कळदा विक्रेत्याने पुढे केलेली यादी कोणी तपासलेलीच नसते.

म्हणूनच एच.आर.ला लिही. नम्रपणे, चार ओळींत. आपल्या योजनेत स्वस्त आंतरराष्ट्रीय इंडेक्स फंड आणि बाँड इंडेक्स फंड आणता येईल का, एवढंच विचार. 1974 च्या एरिसा कायद्याने योजना चालवणाऱ्यांवर सभासदांचं हित पाहायची जबाबदारी टाकलेली आहे. कॅलिफोर्नियातल्या एडिसन इंटरनॅशनलच्या कर्मचाऱ्यांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तोच फंड मोठ्या गुंतवणूकदारांसाठीच्या कमी खर्चाच्या वर्गात मिळत असताना योजनेत किरकोळ गुंतवणूकदारांचा महाग वर्ग ठेवलेला होता. कोर्टाने 2015 मध्ये एकमताने सांगितलं की फंड एकदा निवडून काम संपत नाही, त्यांवर सतत नजर ठेवावी लागते. पत्रात खटल्याचा उल्लेख करू नकोस, उगाच धमकी वाटेल. तुझा प्रश्न रास्त आहे हे तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी सांगितलं.

नोकरी बदललीस की जुन्या योजनेतले पैसे थेट आयआरएमध्ये हलवता येतात. चेक स्वतःच्या नावाने मागू नकोस, 20 टक्के कर आधीच कापतात. वाईट यादीत फार वर्षं अडकून राहावं लागत नाही, ते असं.

व्हेस्टिंगचं मात्र तू काही लिहिलं नाहीस. कंपनीचे 2,160 डॉलर पूर्ण तुझे व्हायला किती वर्षं लागतात ते योजनेच्या माहितीपत्रकात असतं. ते पान काढून फोटो पाठव, रविवारी फोनवर बोलू.

तुझी,
आई