खेळाच्या तासाची चिठ्ठी

गुहागर

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

खेळाच्या तासाला सूट मिळावी म्हणून शाळेला चिठ्ठी दे, असं तू आत्याच्या फोनवरून सांगितलंस. ती चिठ्ठी मी देत नाहीये. का, ते नीट वाच.

कॅन्सरची केमो चालू असताना चिठ्ठी हवीच होती. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरलेल्या, छातीत औषध द्यायचं पोर्ट. आता उपचार संपले, पोर्टही निघालं. उरलाय तो थकवा, आणि तो पडून राहून जात नाही. बसून बसून स्नायू झिजतात, मग जिना चढतानाही धाप लागते आणि परत बसावंसं वाटतं. रोज थोडं थोडं वाढवत चाललीस तरच तो कमी होईल.

तुझा डावा पाय मी बघते ना. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना पाऊल जांभ्या दगडावर सपकन आपटतं, चप्पल निसटते. तो तुझा आळस नाही गं, केमोतल्या व्हिंक्रिस्टिन या औषधाने नसा दुखावल्यात. फिजिओने दाखवलेला घोट्याचा व्यायाम सोडू नकोस. स्टेरॉइडने हाडं कमकुवत होतात, चालण्या-खेळण्याने ती बळकट होतात. मात्र खुब्यात किंवा गुडघ्यात दुखलं तर लगेच थांब आणि मला कळव. केमोतलं दुसरं औषध डॉनोरुबिसिन, त्याचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, म्हणून तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना आहे. तिथे तुझा इको बघूनच डॉक्टरांनी खेळायला सांगितलंय.

वाडीतल्या बायका मायेपोटी म्हणतात, ‘पोरीला दमवू नको गो.’ पण त्या मायेने पोर घरातच बसते. तुला खरं अडतं ते सगळ्यांसमोर मागे पडण्याचं, हो ना? इतका काळ तू खो-खोपासून लांब होतीस, मैत्रिणी पुढे गेल्या. मग एकीलाच सोबत घे. गप्पा मारत तू किती चालतेस ते तुला कळतसुद्धा नाही! जागतिक आरोग्य संघटना तुझ्या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगते. तू दहापासून सुरुवात कर.

दिवाळीत आलीस की ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चालू. कोरड्या वाळूत पाय रुततो, घोटा मुरगळतो.

सरांशी मी सोमवारी फोनवर बोलते. दम लागला की मध्येच बसायची मुभा मागणार आहे, सूट नाही. आत्याला सांगून मागे पट्टा असलेल्या चपला घे, पैसे पाठवते.

तुझी,
आई