आमच्या गावी राहून गेलेल्या कृषिकन्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना अनावृत पत्र

आदरणीय सर आणि कृषिकन्यांनो,

सप्रेम नमस्कार.

सोयाबीन घरात आले आहे, तूर शेंगांवर आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पेरणीच्या तोंडावर आमच्या गावी आलेल्या तुम्हा सर्वांचे, म्हणजे कृषी पदवीच्या विद्यार्थिनींचे आणि त्यांच्या मार्गदर्शकांचे, जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. भूगर्भातील पाणी खारट आणि जमीन चोपण, म्हणजे पाणी लवकर न मुरणारी, असल्यामुळे पाऊस जोराचा झाला तर पाणी शेतात साचून राहते आणि पावसाने ओढ दिली तर विहिरीचा आधार घेता येत नाही. अलीकडे या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात घडू लागल्याने पूर्वापार ठोकताळ्यांवर शेती करणे कठीण झाले आहे.

अशा वेळी तुम्ही प्रथम घरचे बियाणे तपासायला लावलेत. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, त्याची गुंडाळी सावलीत ठेवून, रोज पाणी शिंपडून नंतर कोंब मोजायचे, हे काम गावातील बायाबापड्यांनी ओसरीवर बसून केले. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले, तर एकरी बियाणे किती वाढवायचे, याचा हिशेब तुम्ही प्रत्येकीला वहीत लिहून दिलात. पहिल्या सरीवर घाई न करता ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, हा सल्लाही अनेकांनी मानला, कारण तो देणारी माणसे गावातच मुक्कामाला होती.

रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे रुंद उंच वाफ्यांवर पीक आणि दोन वाफ्यांमध्ये सरी ठेवून, पेरलेल्या शेतात मुसळधार पावसानंतर सऱ्यांतून पाणी वाहून गेले आणि वरंब्यावरचे सोयाबीन हिरवे राहिले. बांधापलीकडच्या सपाट पेरणीत मात्र पाने पिवळी पडली. पुढे पावसाचा खंड पडला, तेव्हाही सऱ्यांतील ओलावा कामी आला. ही पद्धत विद्यापीठाच्या पुस्तिकांतून आम्ही पूर्वी वाचली होती, परंतु यंत्र चालवताना सरीची खोली दाखवणारे कोणी सोबत असणे ही फार मोठी मदत आहे, असे आम्ही मनापासून मानतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला तुम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहीत होता. ते काम आता आमच्या शाळेतील मुली करतात.

सर, एक विनंती आहे. उन्हाळ्यात माती व पाणी तपासणीसाठी आपण यावे आणि शेततळ्यांच्या जागा निवडताना आमच्यासोबत शिवार फिरावे. खारपाणपट्ट्यात पावसाचे साठवलेले गोडे पाणी हाच संरक्षित ओलिताचा, म्हणजे पावसाच्या खंडात पीक वाचवण्यापुरते पाणी देण्याचा, भरवशाचा मार्ग आहे, आणि शेततळ्यांसाठी जमीन देण्यास काही शेतकरी तयार झाले आहेत. पुढील तुकडीच्या मुक्कामाची सोय गाव आनंदाने करील.

आपले कृतज्ञ,
गावातील समस्त शेतकरी